नेमबाजीची बॅग: विकत घ्यायची की शिवून?

गारखेड्याची आई: पोरगी दहा मीटर एअर पिस्तूल मारते. रेंजवर सध्या पालकांत एकच खूळ, मिलिटरी रंगाची, बारा कप्प्यांची 'टॅक्टिकल' बॅग. माझ्या मते तो पैसा पाण्यात. पिस्तूल तर फोमच्या कडक पेटीतच राहतं. नियमाने ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे आणि दीड किलोच्या आत पाहिजे, म्हणजे पेटी काही बाजेएवढी नसते. उरलं काय? छऱ्यांचे डबे, पिस्तुलाला लागणारं दाबलेल्या हवेचं जादा सिलिंडर, कानाचे मफ, ब्लाइंडर म्हणजे नेम धरताना एक डोळा झाकायची पट्टी, सेफ्टी फ्लॅग म्हणजे नळी रिकामी आहे हे दाखवणारी दोरी, नॅपकिन. एवढ्याला गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची बॅग शिवून घ्या. आम्ही संभाजीनगरात तशीच घेतली. तळाला रेक्झिन, आणि हँडलचा पट्टा तळाखालून फिरवून आणलेला. सगळा भार त्या पट्ट्यावर. बाजारातल्या स्वस्त बॅगांचं हँडल नुसतं वरच्या काठाला टाचलेलं असतं, ते तिथूनच उसवतं.

जालना रायफल: पिस्तूलवाल्यांचं ठीक आहे ताई, रायफलवाल्यांना हा सल्ला देऊ नका. रायफलच साडेपाच किलोपर्यंत, तिची पेटी वेगळी. वर जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. जॅकेटची जाडी आणि ताठपणा स्पर्धेत यंत्रावर मोजतात. ते कोंबून नेलं की नको तिथे मोडतं. आणि मे महिन्यात सरावानंतर जॅकेट घामानं चिंब असतं. बंद कॅनव्हासात टाकून रातराणीनं बालेवाडीला न्या, सकाळी चेन उघडा अन् सांगा. जाळीचा कप्पा पाहिजेच. तो विकतच्या बॅगेत तयार मिळतो.

गारखेड्याची आई: जाळी लावायला कोणी इंजिनिअर लागतो का? सांगितलं की लावून देतो.

बीडचा पंच: तुम्ही दोघं आकारावर भांडताय, रंगाचं कोणी बोलतच नाही. एसटीत मिलिटरी रंगाची बॅग, आत पिस्तूल. तपासणीत पोरगं घाबरणारच. साधी निळी-राखाडी बॅग घ्या, आणि बिल, क्लबचं कार्ड, स्पर्धेचं पत्र बाहेरच्या कप्प्यात ठेवा. दुसरं, छरे शिशाचे असतात. एका मुलाच्या बॅगेत छऱ्यांचा डबा उघडा अन् त्याच कप्प्यात चिवड्याची पुडी! छऱ्यांचा कप्पा वेगळा, आतून पुसता येईल असा रेक्झिनचा. खाण्याआधी साबणानं हात.

परभणीकर: पंचसाहेबांशी सहमत. पण ताई, शिवलेल्या बॅगेत उन्हाचं काय? सिलिंडर २०० बारला भरलेलं असतं. २५ अंशाला भरलं आणि डिकीत ६० अंशांपर्यंत तापलं तर दाब साधारण २२० च्या वर जातो. आपल्याकडचं ऊन काय सांगावं! विकतच्या चांगल्या बॅगेला निदान फोमचं अस्तर असतं.

गारखेड्याची आई: फोमनं ऊन थोडं उशिरा पोचेल, थांबणार नाही बाप्पा. दिवसभर डिकीत ठेवली तर कुठलीच बॅग वाचवत नाही. सिलिंडर सोबत सावलीत न्यायचं, बॅग कुठलीही असो.

लातूरचा बाप: कप्प्यांची एवढी चेष्टा काहून? टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ ला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, फायनल थोडक्यात हुकली. ॲलन की, सील, स्क्रू हाताशी पाहिजेत. बॅगेच्या तळाशी चाचपडत बसायला वेळ नसतो.

जालना रायफल: मनूचं पिस्तूल कप्पा नव्हता म्हणून बिघडलं नव्हतं. माझा पक्ष विकतच्या बॅगेचाच, पण हा मुद्दा काही पटला नाही. अवजारांना चेनची एक छोटी पाऊच बस्स. बारा कप्पे असले की ॲलन की कुठल्या कप्प्यात, तेच शोधत बसतो माणूस.

लातूरचा बाप: बरं, पाऊच मान्य. ताई, माप काय दिलं होतं?

गारखेड्याची आई: माप सांगूच नका, पेटीच घेऊन जा. ती ठेवून बघितली की शिवणारा बरोबर कापतो, फोटोवरून केलेलं सैल होतं अन् पेटी आत आपटते. आणि चेन मोठ्या दात्याची मागा, तिथं पैसे वाचवू नका.

जालना रायफल: मी तरी जाळीवाली विकतचीच घेणार. पट्टा तेवढा तळाखालून फिरलेला आहे का, ते बघून घेईन.