इंदूर: बस्तीत महिनाभर राहून साधेपणा येतो का?

नगरी_पोरगा
सगळ्यांना सलाम. मी इंदुरात बीएस्सी सेकंड ईयरला आहे, घर मूळचं नगरचं. आमच्या चर्चच्या तरुण संघातले आम्ही आठ जण दर शनिवारी एका सरकारी हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतो, झाबुआ बडवानीकडून आलेली माणसं असतात, फुटपाथवरच झोपतात. आता पाळकसाहेब म्हणतायत उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवा मिलकडच्या बस्तीत खोल्या घेऊन महिनाभर राहा, गाडी घरी ठेवायची, सिटी बसने फिरायचं, माणशी दिवसाला 80 रुपये, चहा जेवण सगळं त्यातच. मला मनापासून जायचंय पण आई रडतेय, आणि मलाही एक गोष्ट टोचतेय की महिन्यानंतर आम्ही परत कूलरमध्ये झोपणार, शेजारचे तिथेच राहणार, मग हे सोंगच झालं ना? गेल्या शनिवारी एक आजी म्हणाली, बेटा खाना तो मिल जाता है, ये पर्ची पढ़ दे. मला पातेलं संपवायची घाई होती, नंतर येतो म्हणालो आणि गेलोच नाही. तेव्हापासून नीट झोप नाही.

वॉर्डातली_ताई
बाळा मी 22 वर्षं वॉर्डात नोकरी केली म्हणून सांगते, त्या आजीने तुला सगळं सांगून टाकलंय. पर्चीवर लिहिलेलं असतं उपाशीपोटी या, बाई बिचारी चहा-टोस्ट खाऊन येते, मग टेस्ट होत नाही, उद्या या म्हणतात, म्हणजे अजून एक दिवसाची मजुरी गेली आणि अजून एक रात्र फुटपाथवर. आयुष्मानमधून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज होतो पण समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकात, नाव एक आणि आधारवर दुसरं असलं की गाडी तिथेच अडते. खिचडीवर दोघं पुरेत, बाकी सहा जण खिडकीच्या रांगेत उभे राहा. रांगेत तीन तास उभं राहिलं की साधेपणा वेगळा शिकावा लागत नाही. आणि फोटो काढू नका कुणाचे.

रामबागवाला
मी ख्रिश्चन नाही पण लिहितो. जायचं तर शिकायला जा भिया. त्या भागात जुने गिरणी कामगार अजून आहेत, हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली आणि कामगारांच्या पैशांना 2023 चा डिसेंबर उजाडला, निम्मी हयात गेली माणसांची. त्यांच्याजवळ बसा, ऐका. शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं तर 80 रुपयांचा हिशोब सांगत बसू नका, जेवा. सोंग कधी होतं, जेव्हा देणारे फक्त तुम्हीच असता. अजून एक, पत्रकं आणि प्रार्थना मध्ये आणू नका, इथे 2021 चा धर्मांतराविरोधातला कायदा आहे, आणि कायदा नसता तरी अडलेल्या माणसाला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

केडगावची_मावशी
रामबागवाल्या दादांचं पटलं. प्रभूनेच सांगितलंय ना, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले होते, 1896-97 च्या दुष्काळात त्या तुमच्याच बाजूला मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. आणि सिस्टर राणी मारिया या नन तर तुमच्या इंदूरकडच्या उदयनगरात काम करायच्या, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावेत म्हणून झटल्या, 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरच्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या बहिणीने खुन्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. मला ते अजून जमलं नसतं, खरं सांगते. आईला एक रविवार उपासनेनंतर बस्तीत घेऊन जा, खोली दाखव, तिचं रडणं निम्मं कमी होईल.

नगरी_पोरगा
काल गेलो होतो. आजी नाही भेटल्या, डिस्चार्ज होऊन बडवानीच्या बसने गेल्या म्हणे. त्यांच्या जागेवर आता एक ताई आहे, तिची पर्ची वाचली, उद्या सोनोग्राफी, उपाशीपोटी. सकाळी सातला तिच्याबरोबर रांगेत जातोय. आईपण येते म्हणालीय.