साहित्य महोत्सवाचा निधी: एक मोठी भोजन-संध्याकाळ की वर्षभर छोट्या लेखकभेटी?

मांडव:
शहराचा साहित्य महोत्सव तीन-चार दिवसांत आटोपतो, पण सभागृहाची आगाऊ रक्कम, लेखकांचा प्रवास, ध्वनी, छपाई हा खर्च वर्षभर चालूच असतो. त्यासाठी आयोजक हमखास 'लेखकासोबत भोजन' ठेवतात. ते बंद करावं आणि तीच मेहनत वर्षभरातल्या आठ छोट्या, तिकीट लावलेल्या लेखकभेटींवर घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून बघा. 10 खुर्च्यांची 12 टेबलं. त्यातली दोन प्रायोजकांना सन्मानिका म्हणून जातात, एक लेखक-संपादक-पत्रकारांना. विकायला उरतात 90 जागा. जमा 100 धरली, तर जेवण, सभागृह, सजावट आणि ध्वनी यांत 55-60 गेले तरी नवल नाही. समितीच्या बैठकीत मात्र वाचला जातो तो 100 चा आकडा. याउलट 80 खुर्च्यांची वाचनसंध्या घ्या: दोन माईक, पाण्याची बाटली, लेखकाचं मानधन आणि प्रवास. एवढ्यावर खर्च संपतो.

जमाखर्च:
पूर्ण असहमत. आठ कार्यक्रम म्हणजे आठदा परवानगी, आठदा पोस्टर, आठदा स्वयंसेवक. त्यांच्या श्रमाची किंमत तुमच्या हिशेबात शून्य धरली आहे. शिवाय सभागृहाची आगाऊ रक्कम कित्येक महिने आधी भरायची असते. तेव्हा हातात एकरकमी पैसा लागतो, थेंबे थेंबे साचलेला उपयोगी पडत नाही.

भोजनाचं उत्पन्न तिकिटात मोजणं हीच मुळात चूक. तिकिटाने खर्च भागला की झालं. खरी कमाई देणगीदाराची. प्रत्येक टेबलाला एक यजमान नेमा आणि उरलेल्या नऊ खुर्च्या त्याने भरायच्या, असं ठरवा. प्रत्येक ताटाशेजारी देणगीचं कार्ड आणि चालणारं पेन ठेवा. आवाहन तीन-चार मिनिटांचं, आणि गोड पदार्थ यायच्या आत. त्यानंतर लोक चपला शोधायला लागतात. आवाहन लेखकाकडून करवून घेऊ नका, पाहुण्याला मागायला लावणं बरं दिसत नाही. दोन दिवसांच्या आत प्रत्येक कार्डवाल्याला फोन गेला पाहिजे. आठवडा उलटला की कबूल केलेली निम्मी रक्कम विसरली गेली असं समजा.

सहीची रांग:
दोघांच्याही हिशेबात पुस्तकविक्री नाही. ती निधीचं साधन आहे असं कुणी समजत असेल तर तो भ्रम आधी काढा. विक्रेत्याला प्रकाशकाकडून जी सवलत मिळते, त्यातूनच त्याची वाहतूक, माणसं आणि नफा निघतो. महोत्सवाच्या वाट्याला फार तर विक्रीचा दहावा हिस्सा येईल.

आणि उरलेल्या प्रतींवर लेखकाकडून उत्साहाने सह्या घेऊन ठेवू नका. प्रती परतीच्या बोलीवर आणलेल्या असतात आणि सही केलेली प्रत प्रकाशक सहसा परत घेत नाही. तो भुर्दंड विक्रेत्यावर पडतो आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

रांगेचंही गणित करा. नाव विचारून, स्पेलिंग पक्कं करून, दोन शब्द बोलून सही द्यायला 40 सेकंद धरा. 150 माणसं म्हणजे 100 मिनिटं. लेखकाचा हात आणि सभागृहाची वेळ, दोन्ही संपतात. उपाय साधा आहे: रांगेतच एका स्वयंसेवकाने चिठ्ठीवर नाव ठळक अक्षरांत लिहायचं आणि ती शीर्षकपानावर अशी खोवायची की पुस्तक तिथेच उघडेल. वेळ निम्म्यावर येतो.

मांडव:
चिठ्ठीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण @जमाखर्च, भोजनाबरोबर लिलाव येतो, तोही तुमच्याच बाजूला धरा. बोलीपत्रकं टेबलावर ठेवतात, सगळ्या वस्तूंची मुदत एकाच वेळी संपते आणि पैसे भरायच्या खिडकीशी गर्दी उसळते. जिंकलेला माणूस वैतागून घरी जातो, वस्तू तशीच राहते. 'पुढच्या कादंबरीत तुमच्या नावाचं पात्र' ही बोली तर लेखी अटींशिवाय ठेवूच नये. पात्र खलनायक निघालं तर? पुस्तक तीन वर्षं आलंच नाही तर?

दुसरं म्हणजे मानधन. 'चांगल्या कामासाठी आहे' म्हणत लेखकाला फुकट बोलावतात. केटरर, मांडववाला, ध्वनीवाला सगळे पैसे घेतात, मग ज्याच्या नावावर तिकीट विकलं जातं तोच का सोडायचा? त्याला मानधन द्या. परत द्यायचं असेल तर तो देईल, पण ते त्याने ठरवायचं.

दुसरी रांग:
मी मांडव यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. मोजक्या मोठ्या दात्यांवर उभा राहिलेला महोत्सव त्यांच्याबरोबरच डळमळतो. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 'हे' (Hay) आणि एडिनबरा, या दोन्ही साहित्य महोत्सवांचं बॅली गिफर्ड या गुंतवणूक कंपनीशी असलेलं प्रायोजकत्व विरोधामुळे संपलं. ते योग्य होतं की नाही हा वाद बाजूला ठेवा. एका ठिकाणाहून येणारा पैसा एका दिवसात जाऊ शकतो, एवढं त्यातून दिसतं. छोटं तिकीट काढणारे 600 वाचक एका दिवसात निघून जात नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा: आठही कार्यक्रम तिकिटाचे नकोत. विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा ठेवा. फुकट नोंदणी असेल तर खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घ्या, कारण नोंदणी केलेले बरेच जण येत नाहीत आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या बघून वाचणाऱ्याचा आवाजच पडतो.

जमाखर्च:
लिलावाचं मान्य. मुदत तीन टप्प्यांत संपवावी आणि बोली लावणाऱ्याचा फोन नंबर आधीच घ्यावा. मानधनाचंही मान्य, ते पहिल्या दिवसापासून खर्चात धरलं पाहिजे. पण भोजन मी सोडणार नाही, वर्षाआड करीन. मधल्या वर्षी तुमच्या आठऐवजी चार वाचनसंध्या, आणि प्रत्येकीच्या दाराशी देणगीची तीच कार्डं. दोन्हींची निव्वळ शिल्लक एकाच तक्त्यात, स्वयंसेवकांच्या तासांसकट लिहा. दोन वर्षांनी तो तक्ता इथेच टाका, मग पुढे बोलू.