एडिसनहून (न्यू जर्सी) लेकजवळ केबिन – आई-बाबा आणि लहान मुलं सोबत, कुठे जावं?

सायली_एडिसन

नमस्कार मंडळी, आई-बाबा मेमध्ये पुण्याहून येतायत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. दरवेळी नायगारा, डीसी आणि मॉल यातच त्यांची ट्रिप संपते, म्हणून यंदा तीन-चार दिवस झाडीत, पाण्याजवळ, स्टेट पार्कच्या केबिनमध्ये राहायचं डोक्यात आहे. तंबू नको, बाबांची पाठ आणि आईचे गुडघे दोन्ही लक्षात घ्यायचेत. मुलं ४ आणि ८ वर्षांची. ड्राइव्ह चार-साडेचार तासांच्या आत हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या लांबट तळ्यांबद्दल खूप ऐकलंय, तिथल्या वॉटकिन्स ग्लेन पार्कचे फोटो बघून आई खुश आहे, पण तिथे चालणं किती आहे ते कळत नाहीये. केबिनमध्ये नक्की काय मिळतं, स्वयंपाक कसा करता, आणि कोणता महिना बरा? ज्यांनी आई-वडिलांना घेऊन केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

डोंगरवेडा

सायली, वॉटकिन्स ग्लेन जरूर दाखव पण मुक्काम टॉगॅनॉक फॉल्स स्टेट पार्कला कर, असं मी अगदी ठामपणे सांगेन. वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत १९ धबधबे आहेत आणि दगडी पायऱ्या ८०० च्या वर, त्याही बहुतेक ठिकाणी ओल्या. पूर्ण ट्रेल दीड मैल आणि सतत चढ, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो आनंद नाही, शिक्षा होईल. आईंना मेन एन्ट्रन्सपाशी खालून घळीचं तोंड आणि वरचा दगडी पूल दिसतो तेवढं दाखवायचं, तू मुलांना घेऊन पुढे जाऊन ये, बाबा त्यांच्यासोबत गावात सेनेका लेकच्या धक्क्यावर बसतील.

टॉगॅनॉकचं उलटं आहे. इथाकापासून साधारण १० मैलांवर, कायुगा लेकच्या पश्चिम काठाला. धबधबा २१५ फूट, म्हणजे उंचीला नायगारापेक्षा जास्त, आणि खालून जाणारा गॉर्ज ट्रेल रुंद आणि जवळजवळ सपाट आहे, एका बाजूने पाऊण मैल, मध्ये बसत बसत जाता येतं. तेवढंही नको असेल तर गाडी वरच्या ओव्हरलुकला लावा, पार्किंगपासून काही पावलांवर कठड्याशी उभं राहून अख्खा धबधबा समोर दिसतो. माझे सासरे तिथल्या कट्ट्यावर बसले की उठायलाच तयार नव्हते! बाबांना भूगोलाची आवड असेल तर सांग, हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी ह्या लांबट तळ्यांच्या दऱ्या खोल खरवडल्या आणि बाजूचे ओढे वरच लटकत राहिले, म्हणून इथे गल्लोगल्ली धबधबे. सेनेका तर ६१८ फूट खोल आहे.

महिना मात्र विचार करून ठरव, कारण हे ओढे पावसाच्या पाण्यावर चालतात, मे-जूनमध्ये दणकून पाणी असतं आणि ऑगस्टमध्ये कोरडा उन्हाळा गेला तर २१५ फुटांवरून बारीक धार पडताना दिसते. मुलांना पोहायचं असेल तर मात्र जूनअखेर ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार), त्याच वेळात बीचवर लाइफगार्ड असतात. इथाकाजवळ रॉबर्ट ट्रीमन पार्कात तर धबधब्याच्या पायथ्याशीच पोहतात, पाणी थंडगार, ८ वर्षांच्या मुलाला आयुष्यभर आठवेल. जायच्या दिवशी पार्कला फोन करून विचारायचं, पावसानंतर पोहणं बंद ठेवतात. आणि उन्हाळ्याच्या शेवटी कायुगात कधीकधी हिरवं शेवाळ येतं, पाणी रंग कालवल्यासारखं दिसलं तर मुलांना पायही बुडवू देऊ नका, ते विषारी असू शकतं.

पोकोनोजची_शाल्मली

डोंगरवेडा यांनी जागा सुंदर सांगितली, पण एक मुद्दा राहिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे – बाथरूम. न्यूयॉर्कच्या बऱ्याच स्टेट पार्क केबिन्स साध्या असतात, बंक बेड, टेबल, कुठे फ्रिज कुठे नाही, आणि टॉयलेट-शॉवर वेगळ्या इमारतीत. रात्री दोनला आईंना टॉर्च घेऊन, चप्पल घालून, अंधारात खडीवरून जायचंय. सत्तरीतल्या माणसाला हे जमेल का ते आधी त्यांनाच स्पष्ट विचार, आपण ठरवून टाकू नये, ते लोक "चालेल गं" म्हणतात आणि मग संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

जमणार नसेल तर पेनसिल्व्हेनिया बघ. तिथे स्टेट पार्कात 'मॉडर्न केबिन' नावाचा प्रकार असतो, आत किचन, टॉयलेट-शॉवर, वेगळ्या खोल्या. रिकेट्स ग्लेनला अशा केबिन्स आहेत, लेक जीन तिथेच, एडिसनहून तीनेक तास, आणि पेनसिल्व्हेनियाच्या पार्कांना एन्ट्री फी नाही. तिथे नावं दिलेले २२ धबधबे आहेत पण फॉल्स ट्रेल खडा आणि निसरडा, आई-बाबांना तो नकोच. त्यांच्यासाठी रूट ११८ च्या बाजूचा अ‍ॅडम्स फॉल्स, पार्किंगपासून अगदी थोडं चालणं. लेक जीनच्या बीचवर लाइफगार्ड नसतात, तेव्हा ४ वर्षांच्या मुलाजवळ एक मोठं माणूस कायम पाण्यात हवं.

बुकिंग आत्ताच बघ. न्यूयॉर्कचं ९ महिने आधी उघडतं आणि पेनसिल्व्हेनियाचं ११, म्हणजे जुलैचे वीकेंड बहुतेक गेलेले असणार, शिवाय भर उन्हाळ्यात अनेक केबिन्स आठवड्याच्या हिशोबानेच देतात. पण लोक कॅन्सल करतात, रोज सकाळी चहा घेताना एकदा साइट उघडायची. सोमवार ते गुरुवार चालत असेल तर खूप सोपं होतं.

कांदेपोहे_ऑन_द_रॉक्स

खाण्याचं मी सांगते, ते माझं आवडतं काम :) दोन्हीकडे अंथरूण-पांघरूण आणि भांडी आपली आपण न्यायची. घरून पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे पोचल्यावर चूल पेटवायची घाई नाही. थालीपिठाची भाजणी, पिठल्याचं बेसन, मेतकूट आणि तूप एवढं असलं की आई-बाबा खुश, मुलांना मार्शमेलो. फायर पिटच्या निखाऱ्यात कांदे-बटाटे सालासकट पुरायचे, बाहेरून कोळसा झाले की आतून लोण्यासारखे मऊ होतात, त्यावर मीठ-तिखट-लिंबू. ऑगस्टमध्ये गेलात तर रस्त्याकडेच्या फार्म स्टँडवरून कणसं घ्या.

लाकडं मात्र जर्सीहून अजिबात नेऊ नका. बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं जळण न्यूयॉर्कमध्ये आणायला कायद्याने बंदी आहे, त्यातून अ‍ॅश झाडं पोखरणारा भुंगा पसरतो आणि अख्खी जंगलं वाळून जातात. तिथेच विकत मिळतात. रात्री सगळं खाणं गाडीत बंद, रॅकून लोक कूलर सहज उघडतात.

आणि टिक्स, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या गोचिडी! गवतातून फिरून आलात की मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत बघायचं. आई-बाबांचंही बघ, त्यांना हा प्रकार माहीत नसतो. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप-काडी काही लावायचं नाही. २४ तासांच्या आत निघाली तर त्यांच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाचा धोका खूप कमी असतो.

सायली_एडिसन

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल व्हिडिओ कॉलवर आईला सरळ विचारलं, ती आधी "चालेल" म्हणाली, मग बाबाच मागून म्हणाले रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्यामुळे रिकेट्स ग्लेनची मॉडर्न केबिन बघतेय, जूनचा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार. टॉगॅनॉकला सप्टेंबरमध्ये इथाकात हॉटेल घेऊन जाऊ, तेव्हा ओव्हरलुक आणि गॉर्ज ट्रेल दोन्ही होईल. जूनमध्ये रात्री थंडी असते का हो तिथे?

पोकोनोजची_शाल्मली

असते, उंचावर आहे ना. स्वेटर, बाबांची कानटोपी आणि दोन रजया जास्तीच्या टाक. आणि जूनमध्ये जातेयस तर रात्री नऊनंतर दिवे बंद करून सगळ्यांना केबिनबाहेर बसव, झाडीत काजवे असतात. आई-बाबांनी भंडारदऱ्याचे पाहिले असतील, नातवंडांना दाखवायला त्यांना खूप आवडेल.