अमली पदार्थ विकल्याची शिक्षा आणि अपील: पंचनाम्यातल्या चुकीवर सुटका व्हावी का?

सुमेध:
एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात (१९८५) गांजा २० किलोच्या वर गेला की किमान १० वर्षं सक्तमजुरी. २० च्या आत भरला तर १० वर्षं ही कमाल. म्हणजे शिक्षा ठरते वजनकाट्यावर. तरी हायकोर्टात कुणी नमुने किंवा सीलच्या मुद्द्यावर सुटला की लोक लगेच "पळवाट" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

समजा, पंचनाम्यात दोन गोण्या, २२ किलो असं लिहिलंय. वजन बारदानासकट की वगळून? कायद्यानं गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया धरत नाहीत. ती वेगळी काढली होती का? नमुने प्रत्येक गोणीतून वेगळे घेतले की सगळं कालवून एकच पुडी बांधली? मालखान्याच्या (जप्त माल ठेवायच्या खोलीच्या) रजिस्टरात नोंद कोणत्या तारखेची? हे अपिलात नाही विचारायचं तर कुठे?

वैशाली:
आमच्या भागातली पोरं यात वाया गेलेली मी बघितली आहेत, त्यामुळे माझी सहानुभूती संपली आहे. माल सापडला, रासायनिक अहवाल आला, सत्र न्यायालयानं साक्षी तपासून शिक्षा दिली. मग पुडीवर सही कुणाची एवढ्यावरून माणूस मोकळा? पंच फितूर होतात ते विकणाऱ्याच्या दहशतीनं, हे सगळ्यांना माहीत आहे.

अॅडव्होकेट काका:
वैशालीताई, एवढ्यावरून सुटत नाहीत हो. मॅजिस्ट्रेटसमोर नमुने घेण्याचं कलम ५२-ए पाळलं नाही, तरी बाकी पुरावा भक्कम असेल तर शिक्षा टिकते, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. कलम ५० सुद्धा अंगझडतीपुरतंच, हातातल्या पिशवीला लागू नाही. पण "राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे" हे सांगितलंच नाही, तर त्या अंगझडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा उभी राहत नाही. १९९९ च्या बलदेव सिंग निकालापासून हेच चालत आलंय. आणि अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब २०२० च्या तोफान सिंग निकालानं पुरावा म्हणून बाद झाला. त्याआधी अशा जबाबांवर माणसं आत गेली आहेत.

शिरपूरकर:
सुटकेवरच भांडताय, पण अपील सुनावणीला लागेपर्यंत काय? कलम ३२-ए नं शिक्षा स्थगित करायलाच बंदी होती. ती २००० साली दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटल्यात सुप्रीम कोर्टानं उठवली, पण जामिनासाठीच्या कलम ३७ च्या कडक अटी राहिल्याच. मोठ्या मालाचा आरोपी वर्षानुवर्षं आत, आणि तो बहुतेक वेळा गोणी वाहणारा गडी. माल कुणाचा, ते कधी कळतच नाही.

वैशाली:
वाहणारा गरीब असतो हे मान्य. पण दर वेळी पंचनामाच कसा बिघडतो? तो बिघडवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाल्याचं कधी ऐकलंय कुणी? ती होत नाही तोवर अपिलातली प्रत्येक सुटका मला संशयास्पदच वाटणार.

सुमेध:
अधिकाऱ्याला जाब विचारायला माझा पूर्ण पाठिंबा. पण त्याच्या चुकीचा हिशोब आरोपीकडून का वसूल करायचा?

अॅडव्होकेट काका:
कुणाच्या घरचं माणूस आत असेल तर: हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस. वकील परवडत नसेल तर तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं, आणि कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. उशीर झाला असेल तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडा.