मदत हवी आहे: बारावी मानसशास्त्राची उजळणी मराठीतून कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. बारावी कला, मराठी माध्यम. पटावर ३८ मुलं, रोज येतात २५-३०. पोर्शन संपलाय. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, मध्ये पूर्वपरीक्षा आणि गॅदरिंग. ते वजा जाता उजळणीला जेमतेम ३० तास मिळतील, तेही ४० मिनिटांचे. वर्गात प्रोजेक्टर नाही. मोबाईल सगळ्यांकडे आहेत असंही नाही.

अडचण अशी की मुलांना व्याख्या तोंडपाठ आहेत. 'अवधान (लक्ष) म्हणजे काय?' विचारलं की धडाधड सांगतात. परवा मी जरा वेगळं विचारलं : "एसटीत गाढ झोप लागलेली असते. कंडक्टर इतकी नावं ओरडतो तेव्हा जाग येत नाही, आपल्या गावाचं नाव घेतलं की बरोबर येते. असं का?" वर्ग चिडीचूप. दोन दिवसांपूर्वी याच मुलांनी अवधानावर परिणाम करणारे घटक न चुकता लिहिले होते. म्हणजे शब्द डोक्यात आहेत, पण रोजच्या जगण्याशी त्यांची गाठ पडलेली नाही. बोर्डात प्रसंग देऊन 'यात कोणती संकल्पना दिसते?' असं विचारलं की इथेच मार्क जातात.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती मला जास्त छळते. आपल्या पाठ्यपुस्तकात सेन्सेशनला (इंद्रियांना नुसतं जाणवणं) 'वेदन' आणि पर्सेप्शनला (जाणवलेल्याचा अर्थ लागणं) 'संवेदन' म्हणतात. चाचणीत सहा जणांनी लिहिलं, 'वेदन म्हणजे दुखणे.' त्यांची चूक नाही, घरात वेदना हाच शब्द कानावर पडतो. त्यात मुलं यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघतात. हिंदीत सेन्सेशनला संवेदना आणि पर्सेप्शनला प्रत्यक्षण म्हणतात. मग पेपरात वेदनाच्या जागी संवेदना येते आणि ऐकून-समजून घेतलेलं उत्तर चुकीचं ठरतं. मी स्वतः एम.ए. इंग्रजी पुस्तकांवर केलं, त्यामुळे माझ्याही तोंडात आधी इंग्रजी शब्द येतो. इंग्रजीत या वयाच्या मुलांसाठी कार्डं, प्रश्नमंजूषा, खेळ यांचा ढीग आहे. मराठीत 'अपेक्षित प्रश्नसंच' सोडून मला फारसं काही सापडलं नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. गट पाडून प्रश्नमंजूषा घेतली, पण उत्तरं तीच चार मुलं देतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. पाठाचे तक्ते करायला लावले. तक्ते देखणे झाले, पण ज्या मुलीने सर्वात सुंदर तक्ता केला तिलाच त्यावरचं सांगता येईना.

एक गोष्ट मात्र छान जमली. जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग कार्डशीटवर केला. एका कागदावर स्केचपेनने २० रंगीत चौकोन. दुसऱ्यावर २० शब्द : 'लाल' हिरव्या शाईत, 'निळा' लाल शाईत असे. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वर्गातली सर्वात फर्डं वाचणारी मुलगी पुढे आली. चौकोनांचे रंग तिने १४ सेकंदांत सांगितले. दुसऱ्या कागदावर चौथ्याच शब्दाला अडली, डोळे मिटले, हात हवेत तसाच, आणि "हि... नाही नाही, लाल!" ३३ सेकंद लागले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मॅडम, तिला वाचायची इतकी सवय आहे की वाचणं थांबवताच येत नाहीये." मी २० मिनिटं समजावून जे सांगितलं असतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मला असे तास हवे आहेत.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. मानसिक विकृतींचा पाठ झाल्यापासून मुलं एकमेकांना 'डिप्रेशन', 'सायको' म्हणायला लागली आहेत. त्याच पाठाच्या तासानंतर एक मुलगी थांबली. वही छातीशी धरून हळूच म्हणाली, "मॅडम, हे बरं होतं का हो?" कोणाबद्दल ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "उपचार असतात, आणि त्यांचा उपयोग होतो," एवढं म्हणाले. तेव्हापासून त्या पाठाची उजळणी खेळ किंवा स्पर्धा म्हणून घ्यायला मन धजत नाही. तुम्ही कशी घेता?

तर मला हवंय : बिनखर्चाचे ४० मिनिटांत होणारे उपक्रम, मराठीतून वाचण्या-ऐकण्यासारखं काही, आणि त्या नाजूक पाठासाठी सल्ला. आणखी एक, ऋण प्रबलन (नकोसं काही टळल्यामुळे वर्तन वाढणं) आणि शिक्षा यातला फरक कितीही सांगा, मुलं दोन्ही एकच समजतात. कुणाकडे हुकमी उदाहरण आहे का?

प्रतिसाद १

मॅडम, मी हा विषय ३० वर्षं शिकवून निवृत्त झालो. तुमचा एसटीचा प्रश्न वाचून आनंद झाला. उजळणीचे कागद याच धर्तीवर करा.

सर्वात आधी, वर्गात पुस्तक उघडून वाचणं बंद करा. तास सुरू झाला की कोरा अर्धा कागद द्या आणि 'काल काय झालं ते आठवेल तसं लिहा' एवढंच सांगा. पाच मिनिटं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनने भरायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मुलांना हे जरूर सांगा, कारण आठवताना त्रास होतो आणि त्यांना वाटतं आपला अभ्यासच झाला नाही. शिवाय ती चार हुशार मुलं इथे इतरांच्या वतीने लिहू शकत नाहीत.

कार्डं करायची तर पुढच्या बाजूला व्याख्या नको, प्रसंग लिहा. मागे संकल्पनेचं नाव आणि एका ओळीत कारण. मिठाईची तीन रिकामी खोकी ठेवा. नवीन कार्ड पहिल्या खोक्यात, ते रोज काढायचं. बरोबर आलं की दुसऱ्यात, ते दोन दिवसांआड. पुन्हा आलं की तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. चुकलं की परत पहिल्यात.

ऋण प्रबलनासाठी दोनच प्रश्न विचारायची सवय लावा. पहिला : वर्तन वाढलं की कमी झालं? कमी झालं तर शिक्षा, विषय संपला. वाढलं तर प्रबलन. मग दुसरा : हवंसं काही मिळालं की नकोसं काही टळलं? आई 'अभ्यासाला बस, अभ्यासाला बस' म्हणत राहते, पुस्तक उघडलं की तिचं बोलणं थांबतं, म्हणून मुलगा पुस्तक उघडायला लागतो. वर्तन वाढलं, नकोसं टळलं : ऋण प्रबलन. उशिरा आला म्हणून मोबाईल काढून घेतला आणि उशिरा येणं कमी झालं : शिक्षा. मुलं 'ऋण' शब्दाला 'वाईट' समजतात, सगळा घोळ तिथे आहे. फळ्यावर वजाबाकीचं चिन्ह काढून दाखवा.

अभिजात अभिसंधानासाठी (एका गोष्टीची दुसरीशी जोडी जमून शिकणं) चिंच न्या. नुसती दाखवा, कुणाला देऊ नका. तोंडाला पाणी सुटेल. मग विचारा, 'ज्याने जन्मात चिंच खाल्ली नाही, त्याच्या तोंडाला सुटेल का?' मुलं आपोआप वाद घालतील. जिभेवरची चिंच हा अनभिसंधित उद्दीपक (न शिकता पाणी सुटवणारा) आणि दिसणारी चिंच हा अभिसंधित (अनुभवाने शिकलेला), हे त्या वादातच कळतं. पावलोव्हचा कुत्रा (अन्नाआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळायला शिकलेला) त्यानंतर आणा.

बुद्धिगुणांकाच्या गणितात (मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले १००) मुलं भागाकार उलटा करतात. आकडेमोडीआधी 'उत्तर १०० च्या वर येईल की खाली?' एवढं विचारा. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १० असेल तर वरच यायला हवं, १२५. मग ८० लिहिणारा स्वतःच थांबतो.

प्रतिसाद २

ताई, मी चार वर्षांपूर्वी मराठी माध्यमातूनच बारावीला हा विषय घेतला होता, आता एम.ए. करतेय. संवेदनाच्या पाठाला आमच्या मॅडमनी रांगोळी आणली होती. फरशीवर सारख्या अंतरावर ठिपके काढले आणि विचारलं, काय दिसतं? नुसते ठिपके. मग पुन्हा काढताना दर दोन ओळींनंतर अंतर वाढवलं. लगेच सगळ्या म्हणाल्या, जोड्या दिसतात! समीपतेचा नियम (जवळच्या गोष्टी एकत्र गट म्हणून दिसतात) मी तेव्हापासून विसरलेले नाही. ठिपका डोळ्याला दिसणं हे वेदन आणि त्याची जोडी दिसणं हे संवेदन, हेही त्याच रांगोळीवर समजलं. तुमच्या मुलांचा वेदन-वेदनाचा गोंधळ यानेच सुटेल असं मला मनापासून वाटतं.

विकृतींच्या पाठाला स्पर्धा नकोच. आमच्याकडे फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर दोन ओळी होत्या : 'लक्षण एखाद्या दिवशी सगळ्यांना असतं. किती दिवस टिकलं आणि जगणं किती अडलं, ते तज्ज्ञ बघतात.' उत्तरात 'वेडा' लिहिलं तर मॅडम खोडायच्या आणि 'आजार असलेली व्यक्ती' लिहून घ्यायच्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणं हा हक्क मानलाय, हेही त्यांनी सांगितलं होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्या वर्गाला वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावा. फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. सगळ्यांनीच लिहिला की कुणा एकीकडे बोट जात नाही.

मराठी साहित्य म्हणाल तर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहे. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मानसशास्त्राच्या पुष्कळ नोंदी आहेत. भाषा थोडी जड, मुलांना द्यायच्या आधी तुम्ही वाचा. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, भावना आणि ताणासाठी ऐकण्यासारखे. ते अभ्यासक्रमाचे नाहीत, पण शब्द मराठी कानावर पडतात. हिंदी व्हिडिओ बंद करायला सांगू नका, मुलं ऐकणार नाहीत. त्यापेक्षा 'हिंदीत असं म्हणतात, पेपरात असं लिहायचं' अशी दोन रकान्यांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या.

धागाकर्ती

सर, ताई, खूप खूप आभार. गुरुवारी चिंच नेली. वाद तुम्ही म्हणालात तसाच रंगला, तासाची बेल झाली तरी थांबेना. मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारलं, "मग 'चिंच' हा नुसता शब्द ऐकून पाणी सुटलं तर तो पण अभिसंधित उद्दीपक का?" हो म्हणताना मला किती बरं वाटलं!

आठवून लिहायचे कागद सोमवारपासून सुरू केलेत. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने तीन ओळींच्या वर लिहिलं नाही, आज सात-आठपर्यंत आले. १४४१६ सगळ्यांच्या वहीत गेला. त्या मुलीने लिहिताना मान वर केली नाही, पण आकडे दोनदा गिरवले.

प्रसंगांची ४२ कार्डं लिहून झालीत. बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्वाची कमी आहेत, रोजच्या जगण्यातले प्रसंग सुचले तर इथे लिहा. रविवारी सगळी टाइप करून टाकते. ज्यांना हवी असतील त्यांनी घ्यावीत आणि चुकलेली दाखवावीत.