विषय: ऑफिसच्या कॉम्प्युटरची रॅम निघत नाही, आजच हवं आहे

प्रेषक: खजिनदार

मंडळी,
रॅम बदलायला कॅबिनेट उघडून बसले आहे. आत 4 जीबीच्या दोन स्टिक आहेत, त्या जागी 16-16 च्या दोन लावायच्या आहेत. वरच्या टोकाचा लॅच (स्टिक अडकवून धरणारी खिट्टी) उघडतो, खालचा अजिबात हलत नाही. तिथे ग्राफिक्स कार्ड आडवं येतं, बोटही जात नाही. स्क्रू ड्रायव्हरने ढकलून पाहू का? सभासद यादी रात्रीपर्यंत पाठवायची आहे.


प्रेषक: ध्वनिव्यवस्था (अण्णा)

ताई, स्क्रू ड्रायव्हर आधी बाजूला ठेवा. खालच्या टोकाला लॅच नाहीच. पुष्कळ मदरबोर्डांवर एकाच बाजूला उघडणारा लॅच असतो आणि दुसरं टोक म्हणजे नुसती पक्की खोबण. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असताना खालचा लॅच उघडता येत नाही, म्हणूनच ही रचना आली. तिथे स्क्रू ड्रायव्हर घातलात आणि तो निसटला, तर स्लॉटच्या शेजारच्या बारीक तारा खरवडल्या जातात. मग रॅम नाही, बोर्डच बदलावा लागेल.

काढायची पद्धत अशी. मशीन शटडाउन करा, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा, वायर उपटा. मग पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावर छोटा दिवा असेल तर तो विझेपर्यंत थांबा, कारण वायर लावलेली असताना मशीन बंद दिसलं तरी बोर्डावर 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, उभ्यावर जोर लावू नका. लॅच अंगठ्याने बाहेरच्या बाजूला पूर्ण ढकला, अर्धवट नाही. त्या बाजूचं टोक जरासं वर उचललं जाईल. आता स्टिकचे वरचे दोन्ही कोपरे चिमटीत धरा आणि सरळ वर ओढा. अडली तर लांबीच्या दिशेने अगदी थोडी झुलवा, आधी लॅचकडचं टोक, मग खोबणीकडचं. प्रोसेसरकडे किंवा त्याच्या उलट, म्हणजे रुंदीच्या दिशेने मात्र कधीही वाकवू नका. स्लॉटमधल्या पिना त्यानेच वाकतात.

तरीही निघाली नाही तर ग्राफिक्स कार्डचा स्क्रू आणि त्याच्या स्लॉटची क्लिप सोडवून कार्ड आधी बाहेर काढा. पाच मिनिटं जास्त जातील, पण हात नीट पोचेल.


प्रेषक: तांत्रिक समिती

अण्णांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण नवी रॅम कोणी आणि कधी घेतली? कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची खरेदी समितीला विचारून करायची, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. त्या मशीनची नोंद आमच्याकडे आहे: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, बी250 चिपसेट, चार स्लॉट, डीडीआर4 प्रकारची रॅम.

ताई, नवी स्टिक लावण्याआधी लेबल वाचा. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 पिना आणि लांबीही सारखीच. फरक मधल्या खाचेच्या जागेत. खाच जुळत नसेल तर जोर लावून बसवायची नाही. डीडीआर4 ला 1.2 व्होल्ट लागतात, डीडीआर5 ला 1.1, आणि डीडीआर5 मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते. म्हणून त्या दोन्ही एका बोर्डावर चालायचा प्रश्नच नाही.

लेबलवर आरडिम असं काही लिहिलं आहे का तेही पाहा. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड स्टिक स्वस्तात मिळतात, डीडीआर4 मध्ये त्यांची खाचही जुळते, त्या आरामात आत बसतात आणि मशीन चालूच होत नाही.


प्रेषक: खजिनदार

कार्यकारिणीच्या मंजुरीने घेतली आहे, बिल फाइलला आहे. लेबलवर डीडीआर4 3200, आरडिम वगैरे काही नाही.

जुन्या दोन्ही स्टिक निघाल्या. अण्णा, खरंच खाली लॅच नव्हता. नव्या बसवल्या, प्रोसेसरच्या जवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये. आता स्क्रीन काळी, पंखे फिरतात, थांबून थांबून तीन बीप येतात. काय बिघडलं?


प्रेषक: ग्रंथालय विभाग

बीप म्हणजे रॅमच्या सोन्याच्या पट्ट्यांवर हात लागला असणार. स्टिक काढून त्या पट्ट्या खोडरबरने घासा आणि परत लावा.


प्रेषक: तांत्रिक समिती

खोडरबर नको! हा सल्ला दर वेळी येतो, म्हणून सविस्तर लिहितो. पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि खोडरबर घासून साफ करतो, म्हणजे तो मुलामाच झिजवतो. खालचा निकेल आणि तांबं उघडं पडलं की गंज धरतो आणि तक्रार कायमची मागे लागते. शिवाय रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात, आणि घासण्याने स्थिर विद्युत तयार होते ती वेगळीच. नव्या स्टिकला तर काहीच पुसायची गरज नाही. जुनी स्टिक मळलेली असेल तर 90 टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, हलक्या हाताने एकाच दिशेने, आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावायची. स्लॉटच्या आत कापड घालायचं नाही, डब्यातली दाबाची हवा मारायची. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको.


प्रेषक: ग्रंथालय विभाग

पुष्कळदा खोडरबरनेच मशीन चालू होतं, हेही खरं आहे.


प्रेषक: ध्वनिव्यवस्था (अण्णा)

वहिनी, चालू होतं ते स्टिक काढून परत बसवल्यामुळे. बसताना पट्टी आणि पिना एकमेकींवर घासतात, आणि तेवढ्या घर्षणाने मळाचा पातळ थर निघून जातो. रबराशिवाय दोनदा काढून बसवा, परिणाम तोच.

ताई, तुमच्याकडे दोन गोष्टी चुकल्या असाव्यात. पहिली म्हणजे स्टिक पुरती बसलेली नाही. डीडीआर4 ची खालची कड सरळ नसते, मधल्या पिना किंचित लांब असतात, म्हणजे बसवताना एकदम सगळा जोर लागू नये. त्यामुळे एक टोक खाली गेलं की दोन्ही गेली असं वाटतं. आधी खोबणीकडचं टोक खाली दाबा, मग लॅचकडचं, दोन्ही अंगठ्यांनी, खट्ट आवाज येईपर्यंत. अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागतो, घाबरू नका. लॅच आपला आपण मिटला पाहिजे. तुम्ही बोटाने मिटवलात तर आवाज येईल पण स्टिक वरच राहील. बसल्यावर बाजूने पाहा: सोनेरी पट्टी एका टोकाला दिसते आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर अजून दाबायची बाकी आहे.

दुसरी गोष्ट स्लॉटची. दोन स्टिक असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डावर ए2 आणि बी2 असं छापलेलं असतं. पहिला आणि दुसरा हे बहुधा एकाच चॅनलचे (चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला मार्ग). तिथे दोन्ही लावल्या तर मशीन चालेल, पण एकाच चॅनलवर, आणि दुसऱ्या चॅनलची रुंदी फुकट जाईल. शंका असेल तर बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृतीच प्रमाण माना.

पहिल्यांदा एकच स्टिक ए2 मध्ये. चालली की बंद करून वायर उपटून दुसरी. म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामप्रमाणे) बदलतो, तीन बीपवरून इथून काही ठरवता येणार नाही.


प्रेषक: सचिव

अण्णा, वायर उपटल्यावर अर्थिंग जातं. स्थिर विद्युत टाळणारा मनगटाचा पट्टा लावायचा असेल तर वायर लावलेली आणि मागचं बटण बंद असलेलं बरं नाही का?


प्रेषक: ध्वनिव्यवस्था (अण्णा)

नाही. शरीरावरचा प्रभार आणि बोर्डावरचा प्रभार यांच्यात फरक नसला म्हणजे झालं, दोन्ही जमिनीला जोडलेच पाहिजेत असं नाही. पट्ट्याचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. पट्ट्यात सुमारे एक मेगाओहमचा रोध असतो, चुकून वीज लागली तरी प्रवाह मर्यादित राहावा म्हणून. पट्टा नसेल तर स्टिकला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटचा उघडा धातू धरा. स्टिक कडेने धरा, चिप आणि पट्टी यांना बोट नको. बटण बंद असल्याची खात्री डोळ्यांनी होते, वायर बाहेर असल्याची हाताने. दुसरी जास्त भरवशाची.


प्रेषक: खजिनदार

चालू झालं! एक स्टिक नीट बसलीच नव्हती, लॅचकडची बाजू वर होती. आता ए2 आणि बी2 मध्ये आहेत, 32 जीबी दिसतात. पण टास्क मॅनेजरमध्ये वेग 2400 लिहिला आहे, घेतली होती 3200 ची. दुकानाने फसवलं का? आणि जुन्या दोन परत लावल्या तर 40 होतील ना?


प्रेषक: तांत्रिक समिती

फसवणूक नाही. सातव्या पिढीच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर4 2400 आहे, आणि बी250 वर त्यापुढे नेता येत नाही. रॅम 3200 ची असली तरी मशीनला झेपेल त्याच वेगाने चालते, नुकसान काही नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायची सेटिंग) शोधत बसू नका.

जुन्या लावायच्या तर ए1 आणि बी1 मध्ये, दोन्ही चॅनलवर 16 आणि 4, म्हणजे समसमान 20-20. बोर्ड 64 जीबीपर्यंत घेतो, त्यामुळे चालेल. पण माझं मत नको असंच. वेगवेगळ्या चार स्टिक म्हणजे रॅम हाताळणाऱ्या कंट्रोलरवर जास्त भार, आणि पुढे कधी निळी स्क्रीन आली तर चारांतली कोणती हे शोधण्यात दिवस जाईल. 32 मध्ये सभासद यादीच काय, नाटकाचं रेकॉर्डिंगही आरामात कापता येईल. एक 16 ची स्टिक काढून तिच्या जागी जुनी 4 ची लावायची असं कधी करू नका, 16 आणि 4 अशी असमान जोडी झाली तर फक्त 8 जीबी दुहेरी चॅनलवर चालतील, बाकीचे 12 एकेरीवर.

बायोस रीसेट करायची वेळ आली, म्हणजे बोर्डावरची सीआर2032 बॅटरी काढणार असाल, तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) 48 आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. रीसेटनंतर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर सगळं कुलूपबंद.

आणखी एक, समितीने आधीही लिहिलं होतं: हा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. रॅम वाढवण्याआधी हा विषय घ्यायला हवा होता.


प्रेषक: सचिव

तो विषय वेगळ्या मेलमध्ये मांडा, इथे नको. वाचणाऱ्यांपैकी कोणी नवं मशीन उघडणार असेल तर सांगतो: डीडीआर5 मध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, कारण बोर्ड प्रत्येक स्टिकची वेळ जुळवत असतो. मधेच बंद करू नका. आणि चार स्टिक लावण्याआधी विचार करा: एएमडीच्या रायझन 7000 प्रोसेसरवर अधिकृत वेग दोन स्टिकला 5200, चार लावल्या की 3600. हवी तेवढी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्यावी.


प्रेषक: ध्वनिव्यवस्था (अण्णा)

ताई, यादी पाठवून झाली की मेमटेस्ट86 (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू राहू द्या, चार फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत. एकही चूक दिसली तरी स्टिक बदलून घ्यायची, एक-दोन चुकांना काय होतंय असं म्हणायचं नाही. चूक आलीच तर स्टिक एकेक करून तपासा, दोघींतली कोणती ते कळेल.

जुन्या दोन स्टिक नव्यांच्या वेष्टनात घालून कपाटात ठेवा, वर 4 जीबी, डीडीआर4, चालू स्थितीत असं लिहून. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको.


प्रेषक: खजिनदार

यादी गेली. मेमटेस्ट लावला आहे, पहिली फेरी चालू आहे, अजून चूक नाही. उद्या सकाळी बंद करायला ऑफिसची किल्ली कोणाकडे आहे?