कानातलं मशीन लॅपटॉपला जोडायचं आहे, कुठलं ब्लूटूथ अडॅप्टर घ्यावं?

माडीवरून_दापोली

दोन श्रवणयंत्रं आहेत. दोन्हींच्या डबीवर ब्लूटूथचं चिन्ह आहे आणि लॅपटॉपशी दोन्हींचं वाकडं आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी.

आईचं फोनॅक मार्व्हल, दोन्ही कानांना, ३१२ नंबरचा सेल. अँड्रॉइड फोनवरचा कॉल आणि यूट्यूब थेट कानात येतं. लॅपटॉप जुना, विंडोज १०, त्यात ब्लूटूथ नाही म्हणून नखाएवढं यूएसबी डोंगल आणलं. जोडणी होते, भजन लावलं की स्वच्छ ऐकू येतं. झूम सुरू केलं की मात्र आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा होतो आणि मधेच तुटतो.

शेजारच्या काकांचं रीसाउंड, चारेक वर्षांपूर्वीचं. त्यांच्या आयफोनला लगेच लागतं. त्याच लॅपटॉपवर कधी नावच दिसत नाही, दिसलं तर 'जोडता आलं नाही' असा निरोप. त्यांना विकास सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगला बसायचं असतं.

दुकानदार म्हणतो ५.३ चं डोंगल घ्या, दोन्ही चालतील. खरं का? गणपतीत घरात माणसं असतील तेव्हा हे उघडून बसायला वेळ मिळणार नाही, त्याआधी मार्गी लावायचं आहे.

---

श्रवणतज्ज्ञ_रत्नागिरी

दुकानदाराचं ऐकू नका. ५.०, ५.३ हा आकडा ब्लूटूथच्या आवृत्तीचा आहे. आवाज कुठल्या पद्धतीने जातो ते त्या आकड्यावरून कळत नाही, आणि तुमचा सगळा घोळ तिथेच आहे. कानाच्या मशिनात ब्लूटूथने आवाज पोचवायच्या चार पद्धती सध्या वापरात आहेत.

एक, जुनं 'क्लासिक' ब्लूटूथ, साध्या हेडफोनमध्ये असतं तेच. फोनॅकने २०१८ मध्ये मार्व्हल आणलं ते याच पद्धतीचं, म्हणून ते कुठल्याही फोनला आणि लॅपटॉपला हेडसेट म्हणून दिसतं. आईचं काम सोपं आहे ते यामुळे.

दोन, ॲपलची स्वतःची पद्धत, 'मेड फॉर आयफोन'. २०१३ पासून आहे. कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर चालते, पण ती फक्त ॲपलच्या उपकरणांना कळते.

तीन, अँड्रॉइडची 'आशा'. गावात आशाताई म्हटलं की वेगळंच डोळ्यांपुढे येतं, ते सोडा. ही अँड्रॉइड १० पासून आली आणि तीही फोन बनवणाऱ्याने घातली असेल तरच. हिच्यात आवाज कानाकडे जातो, उलट दिशेने तुमचं बोलणं फोनच्या माइकमधूनच जातं.

चार, एलई ऑडिओ. ही नवी आणि सगळ्यांसाठी एकच ठरवलेली पद्धत आहे. ऑराकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना आवाज प्रसारित करणं, तिच्यातलंच. रीसाउंडच्या २०२३ च्या नेक्सियात ही आली.

काकांचं यंत्र नेक्सियाच्या आधीचं असेल तर ते दुसऱ्या आणि बहुधा तिसऱ्या पद्धतीचं. विंडोजला या दोन्ही येत नाहीत. कितीही महाग डोंगल लावलंत तरी आवाज जाणार नाही. नाव कधीमधी दिसतं, कारण मोबाइल ॲपसाठी यंत्र कमी विजेच्या ब्लूटूथवर स्वतःची हाक देत असतं. नाव दिसलं म्हणजे आवाज जाईल असं नाही. परत आलेली बहुतेक डोंगलं या गैरसमजातून घेतलेली असतात.

काकांना मधला दुवा लागेल. लॅपटॉपचा आवाज घेऊन यंत्राला कळेल अशा पद्धतीने पुढे देणारं त्याच कंपनीचं उपकरण. रीसाउंडचं मल्टी माइक म्हणून येतं, त्याला ३.५ मिलिमीटरची लाइन-इन आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर त्यात घालायची, संपलं. ब्लूटूथचा संबंधच नाही, त्यामुळे विंडोज ७ असो की टीव्ही असो, चालतं. मीटिंगमध्ये बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक ठेवायचा. ओटिकॉनवाल्यांना हेच काम कनेक्टक्लिप करतं, पण ते लॅपटॉपला ब्लूटूथने लागतं आणि माइकही त्यातच आहे. एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीच्या मशिनाला लागत नाही. घेण्याआधी मशिनाच्या आतल्या बाजूचा मॉडेल नंबर घेऊन विचारा, डबीवरचा नको. डब्या बदललेल्या असतात.

---

जांभ्याची_भिंत_कुडाळ

वरचं सगळं बरोबर. आता आईंच्या लॅपटॉपचं बघू, तो यंत्राचा दोष नाहीच.

क्लासिक ब्लूटूथमध्ये आवाजाला दोन वाटा असतात. गाणी, व्हिडिओ ए२डीपीने जातात: स्टिरिओ, चांगला दर्जा, पण एकाच दिशेने. माइक उघडला की विंडोज एचएफपीवर उडी मारतं: दोन्ही दिशा, पण मोनो, आणि सेकंदाला ८ हजार किंवा फार तर १६ हजार नमुने. ८ हजार म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं. स, श, फ यांचा बराच आवाज त्याच भागात असतो आणि वयाने कमी होणारी श्रवणशक्तीही तिथलीच. धडधाकट कानाला ते 'जरा खराब' वाटतं, आईंना शब्दच लागत नाही.

उपाय फुकटात आहे. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, स्पीकर म्हणून 'हेडफोन्स' लिहिलेलं. विंडोज १० मध्ये एकाच यंत्राची दोन नावं दिसतात, एक 'हेडफोन्स … स्टिरिओ', दुसरं 'हेडसेट … हँड्स-फ्री'. दुसऱ्याला हात लावू नका. तरीही एखादं ॲप स्वतःहून हँड्स-फ्रीकडे जात असेल तर कंट्रोल पॅनेल, डिव्हायसेस अँड प्रिंटर्स, यंत्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, तिथे 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची खूण काढा. दुसरी वाट बंदच.

त्याच वेळी साउंडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' करा. नाहीतर कॉल आला की विंडोज बाकीचा आवाज आपल्या मर्जीने खाली आणतं.

तुटण्याचं कारण वेगळं. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात असणार. यूएसबी ३ चालू असताना तिथून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा कचरा बाहेर पडतो आणि ब्लूटूथही तिथलंच. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलंय. शेजारी पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क असली तर आणखी वाईट. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा, किंवा हात-दीड हाताची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलाच्या कडेला आणा. राउटर ५ गिगाहर्ट्झवर टाकता आला तर टाका. आणि लॅपटॉप माजघरात, आई पडवीत असं चालणार नाही. जांभ्याची दीड फुटाची भिंत, तीही पावसात भिजलेली, हे रेडिओ सहज अडवते. माणसाचं अंगही अडवतं. फोन मागच्या खिशात ठेवला की तुटतो तो त्यामुळेच.

---

माडीवरून_दापोली

माइक बदलून बघितला. झूममध्ये आवाज भजनासारखाच स्वच्छ येतोय! एक्स्टेंशन वायर उद्या आणतो.

दोन शंका. लॅपटॉप सुरू केल्यावर कधी जोडणी होते, कधी दहा वेळा करूनही नाही. आणि 'ब्लूटूथ ऑडिओ ट्रान्समीटर' नावाचा यूएसबी प्रकार ऑनलाइन दिसतो, तो या डोंगलपेक्षा वेगळा का?

---

जांभ्याची_भिंत_कुडाळ

वेगळा, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपला मी तोच सुचवेन. साधं डोंगल म्हणजे नुसता रेडिओ, बाकी सगळं विंडोज आणि ड्रायव्हर करतात. ड्रायव्हर बिनसला की सगळं बिनसलं. ऑडिओ ट्रान्समीटर संगणकाला यूएसबी साउंडकार्ड म्हणून दिसतो आणि ब्लूटूथची जोडणी स्वतःच्या पोटात करतो. ड्रायव्हर नको, विंडोजच्या ब्लूटूथ यादीत काही नको. लिनक्स, मॅक, यूएसबी ऑडिओ घेणारा टीव्ही, सगळीकडे तोच.

खोड एकच. त्याला पडदा नाही, म्हणून निवड करता येत नाही. बटण दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो आणि जवळपास जे पहिलं जोडणीला तयार सापडेल त्याला तो चिकटतो. शेजारच्या खोलीतला साउंडबारही धरेल. म्हणून आधी घरातले बाकी स्पीकर बंद करा. आईंच्या फोनचंही ब्लूटूथ बंद, तो जवळ असला की यंत्र त्याच्याकडेच धावतं. तुमची दहा वेळांची फजिती बहुधा यातलीच. मग यंत्रांच्या सेलची दारं उघडून बंद करा. फोनॅक त्यानंतर ३ मिनिटं जोडणीसाठी उघडं राहतं. तेवढ्यात ट्रान्समीटरचं बटण. नाव एकाच कानाचं दिसलं तरी घाबरू नका, मार्व्हलमध्ये जोडणी एकाशी होते आणि ते दुसऱ्या कानाला पुढे देतं.

घेताना 'एचएफपी' लिहिलंय का बघा. नुसत्या ए२डीपीवाल्यात माइक नसतो. आईंना लॅपटॉपचा माइक पुरतो, म्हणजे तुम्हाला स्वस्तातला चालेल. पण मार्व्हलच्या आधीचं २०१७ चं फोनॅक बी-डायरेक्ट कोणाकडे असेल तर उलटं, ते फक्त एचएफपी जाणतं आणि एकाच कानात ऐकवतं. त्याला गाण्यांचा ट्रान्समीटर कधीच लागणार नाही. 'ॲपटीएक्स', 'लो लेटन्सी' यांवर पैसे घालू नका. पलीकडचं यंत्रही ते जाणत असेल तरच फायदा, नाहीतर दोघं साध्या एसबीसीवर, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या सर्वसाधारण पद्धतीवर येतात.

एसबीसीत आवाज थोडा मागे राहतो. बातम्यांना चालतं. पण स्पीकरही चालू ठेवलात तर आधी खोलीतला आवाज आणि मागून कानातला, असं दुहेरी ऐकू येईल. स्पीकर बंद करा.

---

श्रवणतज्ज्ञ_रत्नागिरी

एक जोडतो. फोनवर कळफलकाची टिकटिक आणि स्क्रीनला हात लावल्याचे आवाज बंद करा. क्लासिक जोडणीत असा प्रत्येक टिकटिकाट यंत्राला स्ट्रीमिंगवर ढकलतो, भोवतालचे माइक दबतात, आणि समोरचा माणूस बोलत असतानाच ऐकू येईनासं होतं. मग 'मशीन बिघडलं' म्हणून माझ्याकडे आणतात. स्ट्रीमिंगमध्ये भोवतालचं किती ऐकू यावं हे कंपनीच्या ॲपमधून ठरवता येतं. कुकरची शिट्टी ऐकू येईल इतकं ठेवा.

गाणी पातळ वाटली तर तक्रार अडॅप्टरची नाही. उघड्या, भोकाच्या डोममधून (कानात जाणारं मऊ टोक) खर्ज बाहेर निसटतो. बंद डोम घालता येतो, पण मग स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. ते कान तपासून ठरवू.

---

खाडीपलीकडे_मालवण

काकांसाठी आणखी स्वस्त वाट. यंत्रात टेलिकॉइल (चुंबकीय क्षेत्रातून आवाज पकडणारी तारेची छोटी गुंडाळी) असेल तर गळ्यात घालायचा लूप मिळतो, ३.५ मिलिमीटरची पिन लॅपटॉपमध्ये, बस्स. पेअरिंग नाही, आवाज मागे राहणं नाही. मात्र कॉइलचा 'टी' प्रोग्रॅम ऑडिओलॉजिस्टकडून उघडून घ्यावा लागतो, तो बहुधा बंदच असतो. लहान, पूर्ण कानात बसणाऱ्या यंत्रांत कॉइल नसते. बिनबॅटरीच्या लूपचा आवाज कमी पडतो, आत ॲम्प्लिफायर असलेला घ्या.

आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा. कॉइल चुंबकीय क्षेत्र पकडते, वीज गेल्यावर साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सुरू झाला की कानात भुंगा. आमच्याकडे पावसात वीज किती जाते ते सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि चार हात सरकलं की कमी होतो.

सेलचं कोणी लिहिलं नाही. ३१२ चा सेल झिंक-एअर, स्टिकर काढला की हवेवर चालतो, दमट हवेत पाणीही ओढतो. स्टिकर काढून दोनेक मिनिटं थांबा, मग घाला. सेल उतरत आला की साधं ऐकू येतं पण स्ट्रीमिंग तुटतं, कारण त्याला वीज जास्त लागते. म्हणजे अडॅप्टरला शिव्या घालण्याआधी सेल बदलून बघावा. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत, सेल काढून आणि दार उघडं ठेवून. निळे दाणे गुलाबी झाले की संपले. जून ते सप्टेंबर ते फार लवकर गुलाबी होतात.

---

माडीवरून_दापोली

एक्स्टेंशन वायर लावून डोंगल यूएसबी २ मध्ये घातलं, काल पाऊण तासाच्या कॉलमध्ये एकदाही तुटलं नाही. ट्रान्समीटर सध्या घेत नाही.

काकांच्या यंत्राचा आतला नंबर बघितला, नेक्सियाच्या आधीचंच निघालं. टेलिकॉइल आहे. आधी 'टी' प्रोग्रॅम उघडून घेतो, लूप पुरला नाही तर मल्टी माइक. एक राहिलं, उद्या नवा विंडोज ११ लॅपटॉप घेतला तर एलई ऑडिओ आपोआप येईल?

---

जांभ्याची_भिंत_कुडाळ

आपोआप नाही. विंडोज ११ ची २२एच२ किंवा पुढची आवृत्ती हवी, शिवाय लॅपटॉपची ब्लूटूथ चिप आणि ड्रायव्हर दोन्ही तयार हवेत. दुकानातच सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, डिव्हायसेस उघडा. 'उपलब्ध असेल तेव्हा एलई ऑडिओ वापरा' अशा अर्थाचं बटण तिथे दिसत नसेल तर त्या लॅपटॉपात ते नाही. वेगळं ५.३ चं डोंगल लावून सहसा येत नाही. साउंडकार्डसारखे दिसणारे, पोटात एलई ऑडिओ असलेले यूएसबी ट्रान्समीटर आता मिळतात, ते चालतात. पण काकांचं यंत्र एलई ऑडिओचं नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी यातलं काहीच घेऊ नका.

---

माडीवरून_दापोली

कळलं. देव बरे करो. लूप लावल्यावर इन्व्हर्टरचा भुंगा किती येतो ते इथेच लिहितो.